पिस्टन पिनच्या जागेचा इंजिनावर काय परिणाम होतो?

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) सारखाच असला तरी पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या दांडीच्या) जागेमुळे दोन पिस्टन वेगळे ठरतात का, आणि नवे पिस्टन घेताना ते पाहावे लागते का, असे तुम्ही विचारले आहे. पाहावे लागतेच, मात्र ही जागा आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून मोजली पाहिजे.

रोजच्या वापराच्या अनेक इंजिनांत पिन बरोबर मध्यावर नसून साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर बाजूला असते. पॉवर स्ट्रोकमध्ये (जळणाचा दाब पिस्टनला खाली ढकलतो तेव्हा) तिरका झालेला कनेक्टिंग रॉड पिस्टनला सिलिंडरच्या ज्या भिंतीवर दाबतो, त्याच भिंतीकडे ती सरकवलेली असते. कॉम्प्रेशनच्या वेळी पिस्टन समोरच्या भिंतीला टेकलेला असतो आणि वरच्या टोकाशी रॉडचा कल पालटला की तो बाजू बदलतो. पिन मध्यावर असेल, तर हा बदल जळणाचा दाब झपाट्याने चढत असताना होतो आणि स्कर्ट (पिस्टनच्या कडेचा खालचा भाग) भिंतीवर आपटतो. पिन सरकवलेली असेल, तर पिस्टन थोडा आधीच, दाब कमी असताना, हळूच कलून पलीकडे टेकतो. थंड इंजिनात ऐकू येणारी आणि पिस्टन तापून फुगल्यावर मंदावणारी टकटक यामुळे बरीच कमी राहते.

म्हणूनच पिस्टनच्या माथ्यावरची बाणाची किंवा खाचेची खूण कंपनीने सांगितलेल्या बाजूलाच आली पाहिजे. घर्षण थोडे कमी होईल या आशेने काही जण पिस्टन मुद्दाम उलटा बसवतात, पण त्याने आवाज वाढतो आणि व्हॉल्व्हसाठीचे खळगे दोन्हीकडे सारखे नसतील तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. रोजच्या गाडीत हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यतीच्या पिस्टनमध्ये पिन बहुधा मध्यावरच ठेवतात, कारण तिथे आवाजाची फिकीर नसते.

खरेदीत जास्त फसगत होते ती उंचीच्या मापात. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर अर्ध्या मिलिमीटरने जास्त असलेला पिस्टन बोअरमध्ये बिनतक्रार बसतो, पण वरच्या टोकाला तेवढाच अधिक वर येतो. बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनच्या वरखाली धावेचे अंतर) दोन्ही 86 मिलिमीटर असतील, तर एवढ्यानेच 10 चा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधला वायू किती पट दाबला जातो ते प्रमाण) सुमारे 10.5 होतो आणि हेडपासूनची मोकळी जागाही घटते. उलट, स्ट्रोक 4 मिलिमीटरने वाढवून तोच रॉड ठेवायचा असेल, तर हे अंतर 2 मिलिमीटरने कमी असलेला पिस्टन लागतो. पिन वर गेल्याने पिस्टन हलका होतो खरा, पण रिंगांमधल्या पट्ट्या बारीक कराव्या लागतात आणि पिनचे भोक ऑइल रिंगच्या (भिंतीवरचे तेल खरवडणाऱ्या रिंगच्या) खाचेत शिरले तर आधाराची वेगळी पट्टी घालावी लागते.

जुना पिस्टन हाताशी असेल, तर व्हर्नियरने पिनच्या भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्याच्या सपाट भागापर्यंत मोजा आणि त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवा. हे अंतर, पिनचा व्यास आणि ती मध्यापासून किती सरकवलेली आहे, ही तिन्ही मापे नव्या पिस्टनशी जुळली तरच तो घ्या.