आदर्श बाप निवडायचा कसा?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं गाव चोपडा तालुक्यात. यंदा फादर्स डेला मंडळातर्फे ‘आदर्श पिता पुरस्कार’ द्यायचं ठरलंय पण नावावरून वाद पेटलाय. मोठी माणसं म्हणतात ज्याचा पोरगा पीएसआय झाला त्याला द्या. आम्हा पोरांच्या मनात एक केळी कापणारे मजूर आहेत, बायको वारल्यापासून दोन पोरी एकटे सांभाळताय, शेजारच्या काकूंकडून वेण्या घालायला शिकले आणि रोज कापणीवर जायच्या आधी दोघींच्या रिबिनी बांधून देताय. मोठे म्हणतात त्यात काय एवढं. आणि ते स्वतःही नाही म्हणताय. काय करावं?

उत्तर : भाऊ, पोरगा पीएसआय झाला तर सत्कार पोराचा करा, जरूर करा, अभ्यास त्याने केलाय. बापाचा पुरस्कार बापाने काय केलं त्यावर पाहिजे, नाहीतर ज्याचं पोरगं नापास झालं, आजारी राहिलं, दिव्यांग आहे त्या बापाचा नंबर कधीच लागणार नाही, आणि खरा कस त्याचाच लागलेला असतो.

“त्यात काय एवढं” म्हणणाऱ्यांना हे सांगा की हा दिवसच मुळात अशा बापावरून सुरू झाला. अमेरिकेत स्पोकेनला सोनोरा स्मार्ट डॉड नावाच्या बाई होत्या, आई बाळंतपणात गेली आणि वडिलांनी ती नि तिचे पाच भाऊ असे सगळे एकट्याने वाढवले, म्हणून तिने खटपट करून १९ जून १९१० ला पहिला फादर्स डे साजरा करवला. पुढे तिथे ‘फादर ऑफ द इयर’ पण निघाला आणि १९४२ ला तो मिळाला दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या सेनापतीला, जनरल मॅकआर्थरला. पुरस्कार मोठ्या नावाकडेच वळतो, तुमच्याकडे पण तेच चाललंय. शिकलेल्या हाताने वेणी घालणं सोपं असतं हो, पण केळीच्या चिकाने बोटं चिकट झालेला माणूस शेजारणीसमोर बसून ते शिकतो, याला मी फार मोठं मानते.

अजून काय बघाल? लेकीचं लग्न अठराच्या आत करायला कोणी नकार दिला का. ऊसतोडीला जाताना लेकरं शाळेतून न काढता आजीजवळ ठेवून कोण गेलं. गावातल्या दुसऱ्यांच्या पोरांनापण संध्याकाळी अभ्यासाला कोण बसवतं. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट, लेकीला सातबाऱ्यात वाटा कोणी दिला. २००५ पासून कायद्याने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तरी आपल्याकडे राखी-भाऊबीजेच्या गोडीत हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातातच ना. जो बाप जिवंतपणी लेकीचं नाव लावतो त्याला पहिला मान द्या.

तारीख मात्र बदला. जूनचा तिसरा रविवार म्हणजे पेरणीची घाई, पाऊस झाला असेल तर सगळे बाप वावरात, मंडपात कोण येईल? त्यापेक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठेवा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, कोणाचा बाप कसा आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? नावं त्यांनाच सुचवू द्या, चिठ्ठ्या टाकायला लावा.

आणि ते मजूर स्वतः नाही म्हणताय त्याचं कारण शांतपणे विचारा. बऱ्याचदा भीती ही असते की स्टेजवर बायको गेल्याची कहाणी सांगून लोकांना रडवतील, गरिबीचं वर्णन करतील आणि मागे कोणत्यातरी पुढाऱ्याचा फोटो असेल. यातलं काहीच होणार नाही असा शब्द द्या आणि तो पाळा. तरीही नको म्हणाले तर विषय सोडा, बळजबरीचा मान नको.

प्रश्न : ताई, मला मामांनी वाढवलं, त्यांना स्वतःचं मूल नाही. आमच्या इथे असाच पुरस्कार आहे, त्यांचं नाव देऊ का? लोक हसतील का?

उत्तर : बिनधास्त दे गं. साने गुरुजींचं लग्न नव्हतं, मूल नव्हतं, तरी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना छात्रालयातल्या पोरांचं जे जे लागेल ते स्वतः करायचे. त्यांना बापाचा मान नाही असं खान्देशात कोण म्हणेल? फॉर्मवर ‘वडील’ अशी ओळ असेल तर तिथे मामांचंच नाव लिही, बाजूला नातं लिही, आणि त्यांनी तुझ्यासाठी काय काय केलं ते तुझ्याच शब्दात लिहून सोबत जोड.