रोबो बदलायचा की नुसते ब्रश?

प्रश्न: पाषाणला आमचा बंगला आहे, मागे ८ बाय ४ मीटरचा स्विमिंग टँक. मी ६२, निवृत्त. चार वर्षांपूर्वी टँक साफ करणारा रोबो घेतला. आता तो भिंतीवर चढत नाही, कोपऱ्यात गाळ तसाच सोडतो, केबलचा गुंता करतो. विक्रेता म्हणतो नवा घ्या: १,६५,००० रुपये, जुन्याचे १५,००० वजा, उरलेले १२ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांत. दुरुस्तीचा अंदाज १८,५०० दिलाय. बायकोचं म्हणणं, महिना ४,५०० देऊन माणूसच लावा. घरखर्च महिन्याला ७०,००० आहे. अडीअडचणीसाठी २ लाखांची एफडी आहे. ती मोडून नवा रोबो घ्यावा का?

उत्तर: एफडीला हात लावू नका. ७०,००० खर्चाच्या घरात २ लाख म्हणजे तीन महिन्यांचीही बेगमी नाही, आणि तुमच्या वयाला ती सहा महिन्यांची हवी. उद्या दवाखान्याची वेळ आली तर कॅशलेस मंजूर होईपर्यंत अनामत रक्कम याच पैशातून भरायची आहे. शिवाय मुदतीआधी मोडलीत तर जितके दिवस पैसे बँकेत होते तेवढ्याच मुदतीचा दर लागतो, वर बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का कापतात.

बिनव्याजी हप्त्याचंही तसंच. व्याज असतंच, ते विक्रेता सवलत म्हणून किमतीतून वळतं करतो. पण हे हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर पडतो. कार्डाचा दर १५ टक्के धरला तर १२,५०० च्या बारा हप्त्यांत साधारण ११,५०० व्याज, म्हणजे दोन हजारांच्या वर कर, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. फार मोठा खड्डा नाही, पण ‘बिनव्याजी’ म्हणून हुरळून जाण्यासारखंही काही नाही.

आता खरा हिशोब. नवा रोबो एक्स्चेंज धरून १,५०,००० ला पडतो. तो सात वर्षं चालला असं मानू, तर वर्षाला सुमारे २१,४००. दुरुस्तीला १८,५००, आणि एक्स्चेंजचे १५,००० पुढे कधीच मिळणार नाहीत असं समजून तेही त्यात घाला: ३३,५००. भागाकार केला तर जुना रोबो दुरुस्तीनंतर अंदाजे १९ महिने चालला की पैसे वसूल. प्रश्न एवढाच उरतो: दीड-पावणेदोन वर्षं तो काढेल का?

तुम्ही लिहिलेल्या तक्रारी बघता, काढेल असं मला वाटतं. चढत नाही, कोपरे सोडतो, केबल गुंतते, ही सगळी लक्षणं झिजलेल्या किंवा तुंबलेल्या भागांची आहेत. मोटर गेली की रोबो जागचा हलत नाही किंवा मध्येच बंद पडतो. तुमचा फिरतोय.

म्हणून पहिले दोन आठवडे एक रुपयाही खर्च करू नका. पाषाण-बाणेर भागात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर बारीक जाळीच्या फिल्टरवर पांढरट क्षार बसतात. नळाखाली धुतल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण उजेडासमोर धरा: आरपार दिसत नसेल तर जाळी बंद आहे. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासा, मग भरपूर धुवा. फिल्टर तुंबला की ओढ कमी होते, आणि ओढीच्या जोरावरच रोबो भिंतीला चिकटून वर चढतो. एप्रिल-मेमध्ये सोनमोहर फुलतो तेव्हा त्या पिवळ्या पाकळ्यांनी बारीक जाळी बघता बघता भरते. त्या दिवसांत तुमच्या मॉडेलला जाड जाळी येत असेल तर ती लावा, बारीक धुळीसाठी दुसरी फेरी मारा. प्लग काढून इम्पेलरची (पाणी ओढणाऱ्या आतल्या पंख्याची) जाळीही उघडून बघा, तिथे केस आणि पाकळ्यांचे देठ गुंडाळलेले सापडतात.

भिंत बुळबुळीत असेल तर नवा रोबोही घसरेल. पीएच ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएमच्या दरम्यान आणा, शेवाळाची भिंत एकदा हाताने घासून घ्या. क्लोरीनचा जोरदार डोस टाकलेला असताना रोबो पाण्यात सोडू नका. केबल पूर्ण उलगडून उन्हात सरळ पसरून ठेवा, पीळ बराचसा निघतो. पाण्यात फक्त लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल एवढीच सोडा, बाकीची काठावर. पॉवर बॉक्स लांबीच्या बाजूला मधोमध, काठापासून साडेतीन मीटर तरी दूर. रोबो सोडताना पाण्याखाली डावी-उजवीकडे कलवून आतली हवा जाऊ द्या, आणि काम झालं की बाहेर काढून सावलीत ठेवा. वीज वाचते म्हणून नवा घ्या, असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. अडीच तासांच्या फेरीला अर्ध्या युनिटच्या आसपास लागतं.

एवढं करून पाच-सहा फेऱ्यांनंतरही तो चढला नाही, तर ब्रश आणि पट्टे बदला. कदाचित १८,५०० पैकी निम्म्यात भागेल.

वहिनींचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. ४,५०० म्हणजे वर्षाला ५४,०००, रोबोच्या कितीतरी वर. त्यात माणूस हाताने व्हॅक्यूम मारतो तेव्हा गाळ सँड फिल्टरमध्ये जातो, मग बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं), आणि दर बॅकवॉशला काही शे लिटर पाणी गटारात. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या घराला ते परवडत नाही. पण पीएच कोण बघणार, टाइल्सची कड कोण घासणार? ते रोबो करत नाही. महिन्यातून दोनदा माणूस बोलावून बघा, दर निम्म्याहून कमी पडावा. तुमच्या घरात गोम नेमकी तिथेच आहे, असा माझा संशय आहे.

नवा घेण्याची वेळ येईलच. पॉवर बॉक्स किंवा मोटर गेली आणि दुरुस्ती ५०,००० च्या वर सांगितली, तर जुन्यात पैसे घालू नका. त्यासाठी आजपासून महिना ६,००० ची आरडी सुरू करा, दोन वर्षांत मुद्दलच १,४४,००० होतं, वर व्याज. १२,५०० चा हप्ता भरायची तयारी असेल तर हे त्याच्या निम्म्यातच आहे. उरलेले ६,५०० अडीअडचणीच्या एफडीत घालून ती सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या.

एक्स्चेंजची ऑफर महिनाअखेर संपते असं विक्रेत्याने सांगितलं असेल, तर संपू द्या. गिऱ्हाईक उठून जायला लागलं की ती बहुतेक वेळा परत निघते. दुरुस्तीचं कोटेशन मात्र लेखी घ्या: ब्रश, पट्टे, फिल्टर आणि मजुरी वेगवेगळी लिहून, बदललेल्या भागांची वॉरंटी नमूद करून. आणि काढलेले जुने भाग परत मागा.