मण्यार चावलेला परत आला, मग हे मरण खरं कशावरून?

तासगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेनं आरोग्य शिबिरातून अवयवदानाच्या प्रतिज्ञेचा फॉर्म घरी आणला. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. नवऱ्यानं सही करायला साफ नकार दिला. दोन महिने घरात याच विषयावरून कुरबुर चालली. द्राक्षबागेची खरड छाटणी उरकल्यावर नवरा, बायको आणि सासूबाई असे तिघंही सांगलीला समुपदेशनासाठी आले. ताईंचं वय ४७, दादांचं ५३, आजी ७८ वर्षांच्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण प्रश्न जसे विचारले गेले तसेच ठेवले आहेत, कारण हे प्रश्न घरोघरी आहेत.

दादांना विचारलं, नेमकी अडचण कशाची? ते म्हणाले, "कार्ड बघितलं की डॉक्टर हात आखडता घेणार. हिचे अवयव पाहिजेत म्हणून हिला वाचवायचेच नाहीत."

ही भीती जवळजवळ प्रत्येकजण बोलून दाखवतो. तिचं उत्तर अवयव कसे टिकतात यातच आहे. हृदय, यकृत, मूत्रपिंडं दुसऱ्याच्या उपयोगी पडायची असतील तर त्यांना शेवटपर्यंत ऑक्सिजन असलेलं रक्त मिळत राहावं लागतं. त्यासाठी रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असावा लागतो, रक्तदाब सांभाळलेला असावा लागतो, जंतुसंसर्ग आटोक्यात असावा लागतो. उपचारात कुचराई झाली, हृदय थांबलं, की हे अवयव काही मिनिटांतच निकामी व्हायला लागतात. म्हणजे ज्या माणसावर नीट उपचार झाले नाहीत, त्याचे अवयव घेताच येत नाहीत. म्हणून घरी झालेल्या मृत्यूनंतर डोळे आणि त्वचा देता येते, हृदय किंवा यकृत नाही.

दुसरं, कायद्यानंच माणसं वेगळी ठेवली आहेत. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्यानुसार माणूस ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडून मेलेला पण व्हेंटिलेटरमुळं हृदय चालू असलेला, आहे हे ठरवणाऱ्या चार डॉक्टरांत रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, शासनमान्य यादीतले एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे सर्जन आणि प्रत्यक्ष उपचार करणारे डॉक्टर असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणीही या चौघांत बसू शकत नाही. कुठला अवयव कुणाला द्यायचा हेही रुग्णालय आपल्या मर्जीनं ठरवत नाही. सातारा आणि सांगली जिल्हे पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे येतात. प्रतीक्षायादी तिथं असते आणि रक्तगट, आजाराची तीव्रता, डायलिसिस किती दिवस चालू आहे अशा निकषांवर क्रम लागतो. अवयवाचे पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड आहे.

दादांनी हे सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. पण चेहरा उकलला नाही. लोक पहिल्यांदा जी भीती सांगतात ती बहुतेक वेळा ऐकीव असते, खरी भीती थोडी उशिरा बाहेर येते. समुपदेशकानं इथं घाई केली तर माणूस मान हलवून घरी जातो आणि सही करत नाही. दादांची खरी भीती बाहेर यायला आणखी पंधरा मिनिटं लागली.

त्यांच्या शेजारच्या मळ्यातला एक गडी पावसाळ्यात जमिनीवर झोपला होता. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, सकाळी पापण्या उघडेनात, दुपारपर्यंत श्वास बंद. दवाखान्यात नळी घातली. बाहुल्या मोठ्या झालेल्या, बॅटरी मारली तरी हलत नव्हत्या, चिमटा काढला तरी काही नाही. भावकी म्हणाली, संपलं, घरी न्या. त्याला मण्यार चावली होती. बाराव्या दिवशी तो स्वतःच्या पायानं घरी आला. "तो ऐकत होता म्हणे सगळं," दादा म्हणाले. "लोक रडत होती ते त्याला ऐकू येत होतं. त्याच्या बायकोनं तेव्हा तुमच्या त्या फॉर्मवर सही केली असती तर?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट फार नेमका आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच नेमकं द्यावं लागतं.

मण्यारीचं विष मेंदू मारत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. पापणी, डोळा, घसा, छाती, सगळे स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो, पण मेंदू आत जागा असू शकतो. सर्पविषावरची लस आणि व्हेंटिलेटरचा आधार वेळेवर मिळाला की काही दिवसांत निरोप परत पोचायला लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो माणूस मेल्यासारखाच दिसतो. म्हणूनच ब्रेन डेडची तपासणी सुरू करण्याआधी एक अट असते: मेंदू कशामुळं बंद पडला त्याचं कारण माहीत असलं पाहिजे आणि ते भरून न येणारं असलं पाहिजे. डोक्याला जबर मार, मेंदूत मोठा रक्तस्राव, असं काहीतरी स्कॅनवर दिसलं पाहिजे. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, झोपेच्या किंवा भुलीच्या औषधांचा अंमल, अंग फार गार पडलेलं असणं, रक्तातली साखर किंवा क्षार फार बिघडलेले असणं, यातलं काहीही असेल किंवा त्याची शंका असेल तर तपासणी करायचीच नसते. बागेत फवारणी करणाऱ्यांच्या भागात ही अट आम्ही मुद्दाम दोनदा सांगतो. शेजारचा तो गडी पहिल्याच पायरीवर बाद झाला असता. त्याच्या बायकोसमोर फॉर्म आलाच नसता.

कारण पक्कं असेल तरच पुढं जायचं. बाहुलीवर प्रकाश टाकतात, ती आकसते का बघतात. बुबुळाला कापसाचं टोक लावतात, पापणी मिटते का. डोकं दोन्हीकडं वळवून डोळे फिरतात का ते पाहतात. कानात बर्फासारखं थंड पाणी सोडतात, त्यानंही डोळे हलायला हवेत. घशाला आणि श्वासनळीला नळी लावून उबळ किंवा खोकला येतो का बघतात. भुवईच्या हाडावर दाबून चेहऱ्यावर वेदना उमटते का बघतात. यातली एक जरी खूण दिसली तरी माणूस ब्रेन डेड नाही, तिथंच थांबायचं.

सगळ्यात शेवटी श्वासाची चाचणी. आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर सोडवून नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि साधारण आठ ते दहा मिनिटं छातीकडं टक लावून बघतात. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूचा देठ, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग, जिवंत असेल तर तो त्या साठ्यानं खडबडून जागा होतो आणि एक तरी श्वास ओढतो. रक्त तपासून त्या वायूचा दाब ६० मिलिमीटरच्या पुढं गेलेला दिसला आणि तरीही छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं. हे सगळं किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा करतात. दुसऱ्या वेळीही तेच आलं तरच चौघांच्या सह्या होतात.

कोमा वेगळा. कोमातल्या माणसाचा मेंदूचा देठ चालू असतो, बरेचजण स्वतः श्वास घेतात, काही बरे होतात. "माझ्या पाहुण्यातला एकजण कोमातून उठला" हे खरं असतं. पण तो ब्रेन डेड नव्हता.

इथं ताईंनीच एक गोष्ट विचारली आणि ती फार महत्त्वाची आहे. "पण हात तर गरम असतो ना? छाती वरखाली होत असते." हो. हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही, त्याची ठिणगी त्याच्यातच असते. फुप्फुसात यंत्र हवा भरतं तोवर ते चालत राहतं. आणि आणखी एक आधीच सांगून ठेवलेलं बरं: कधी कधी बोटं हलतात, पाय आकसतो, क्वचित हातही उचलला जातो. ती हालचाल पाठीच्या कण्यातून येते, मेंदूतून नाही. नातेवाइकांना हे आधी कुणी सांगितलेलं नसलं तर "हात हलला!" म्हणून एकच कल्लोळ होतो, आणि दिलेली संमती मागं घेतली जाते. यात नातेवाइकांचा दोष नाही. सांगणाऱ्यानं ते आधी सांगायला हवं होतं.

ताईंचे बाकीचे प्रश्न लवकर सुटले. बीपीची गोळी चालू असली तरी नोंदणी होते. कुठला अवयव चालेल हे त्या वेळच्या तपासण्या ठरवतात. नोंदणीला वरची वयोमर्यादा नाही, १८ पूर्ण हवीत. संमती दिल्यानंतर शरीर सांभाळण्याचा, शस्त्रक्रियेचा आणि अवयव नेण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. पण हेही तितकंच स्पष्ट सांगायचं: त्याआधीच्या उपचारांचं बिल या नियमात येत नाही. अर्धीच गोष्ट ऐकलेलं कुटुंब नंतर फसवल्यासारखं वाटून घेतं. आणि देहदानाचा फॉर्म म्हणजे अवयवदान नव्हे. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला असतं, मृत्यू कुठंही झाला तरी चालतो. पण मोठे अवयव काढलेला किंवा शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र दोन्हींबरोबर जमतं.

आजी इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "समदं काढून घ्यायचं आन् रिकामी पोरगी घरी आणायची. सवाष्ण मेली तर मी तिला नटवू कशी? आन् धाव्याला कावळा शिवला न्हाई तर?"

आधी पहिलं. छातीपासून पोटापर्यंत एक चीर असते, ती मोठ्या शस्त्रक्रियेसारखी नीट शिवून बंद करतात. चेहऱ्याला, हातापायांना काही होत नाही. आंघोळ, मळवट, हिरवी साडी, ओटी, सगळं करता येतं. वेळ मात्र लागतो. संमतीपासून देह हाती येईपर्यंत बऱ्याचदा अर्धा दिवस ते एक दिवस जातो, कारण तपासण्या, यादी, बाहेरून येणारी पथकं. हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत बसावं लागतं, सांगली ते पुणे रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून त्यांची घाई दिसते. पाहुण्यांना निरोप धाडताना स्मशानाची वेळ पक्की सांगू नये. अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन दानाशिवायही होतंच. ते अवयव काढतानाच करून घेता येतं, दोनदा ताटकळावं लागत नाही.

कावळ्याचं उत्तर समुपदेशकाला द्यावं लागलं नाही. ताई आजींकडं वळून म्हणाल्या, "आत्या, इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, असं तुम्हीच सांगता. माझी इच्छा ही आहे. ती तुम्ही अडवली तर कसा शिवेल?"

आजी बराच वेळ पदराशी खेळत बसल्या.

दुसऱ्या भेटीला ताई फॉर्म भरून घेऊन आल्या. साक्षीदार म्हणून सही होती भावाची. भाऊही कायद्यानं जवळचाच नातेवाईक. दादांनी सही केली नव्हती. पण ते म्हणाले, "माझ्या हातनं सही होत नाही. वेळ आली तर मात्र मी आडवा येणार नाही." आमच्या मते या वाक्याचं मोल साक्षीदाराच्या सहीपेक्षा जास्त आहे. प्रतिज्ञापत्र ही इच्छा आहे, हुकूम नाही. प्रत्यक्ष वेळी संमतीच्या वेगळ्या फॉर्मवर सही घरच्यांची लागते, त्यांनी नाही म्हटलं तर अवयव घेतले जात नाहीत. वाहन परवान्याच्या अर्जात "हो" लिहिलं, कार्ड पाकिटात ठेवलं आणि घरात कुणालाच सांगितलं नाही, तर ती इच्छा पाकिटातच राहते. म्हणून मुलाला, मुलीला, भावाला समोर बसवून सांगायचं. ऑनलाइन नोंदणीही होते, 'नोटो' या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर, आधारच्या आधारे. तिथं गाडी अडते ती ओटीपीवर: आधारला जोडलेला नंबर जुना, सिम बंद. आधी तो बदलून घ्यावा. मन बदललं तर प्रतिज्ञा मागंही घेता येते. शंका असेल तर १८०० ११ ४७७० हा नोटोचा नि:शुल्क क्रमांक आहे.

निघताना आजींनी विचारलं, माझं काय व्हायचं, मी तर घरातच जाणार. त्यांना सांगितलं: तुमचे डोळे चालतील. चष्मा असू दे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असू दे, आधी नोंदणी नसली तरी घरच्यांची संमती पुरते. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचं, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवायचा. पापण्या मिटवून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, खोलीतला पंखा बंद. माणसं घरी येतात, १५ ते २० मिनिटांत होतं.

"पंखा कशाला बंद?" आजींनी विचारलं.

वाऱ्यानं बुबुळ सुकतं, आजी. सुकलेलं दुसऱ्याला बसवता येत नाही.

त्या लेकाकडं वळल्या. "ऐकलंस न्हवं? पंखा बंद करायचा. तू कायम चालू ठिवून बाहीर जातोस."