फोटो माझा, मग तक्रार कुणाकडे?

प्रश्न : माझ्या वेबसाइटवरचे फोटो दुसऱ्या एका साइटने जसेच्या तसे उचलले आहेत. त्यांना ईमेल केला, उत्तर नाही. फोटोंची मी कुठेही नोंदणी केलेली नाही. आता काय करता येईल?

उत्तर : नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही, हा समज आधी सोडून द्या. १८८६ च्या बर्न कराराच्या चौकटीत कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात © चिन्हही लागत नाही. फोटो काढला की हक्क आला.

ईमेल पाठवण्यात मात्र थोडी घाई झाली. सावध झालेला माणूस फोटो दुसऱ्या लिंकवर हलवतो आणि मग ‘आमच्याकडे असं काही नव्हतंच’ म्हणायला मोकळा होतो. आधी पुरावा, मग पत्र. नुसता स्क्रीनशॉट कच्चा पुरावा आहे, कारण ब्राउझरमध्येच पानावरचा मजकूर बदलून स्क्रीनशॉट काढता येतो आणि समोरचा वकील नेमकं हेच म्हणेल. संपूर्ण पान सेव्ह करा, लिंक आणि तारीख-वेळ लिहून ठेवा आणि वेबॅक मशीन या वेबपानांच्या सार्वजनिक संग्रहाच्या ‘सेव्ह पेज नाऊ’ सोयीने त्या पानाची एक प्रत तिथे जमा करा. ती प्रत त्रयस्थाकडे असते, म्हणून तिला वजन येतं. कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपून ठेवा. शक्य असेल तर तिचा एसएचए-२५६ ठसाही, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढा. ६४ अक्षरांचा हा ठसा फाइल तेव्हापासून बदललेली नाही एवढंच सांगतो. फोटो कुणी काढला, हे तो सांगत नाही.

मग साइट कुणाच्या सर्व्हरवर आहे ते शोधा. डोमेन विकणारी कंपनी आणि होस्टिंग कंपनी बहुधा वेगळ्या असतात, आणि फाइल होस्टिंगवाल्याकडे असते. डोमेनच्या नोंदीत मालकाचं नाव २०१८ पासून बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यावर वेळ घालवू नका. साइटचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा आकडी पत्ता, कोणत्या नेटवर्कचा आहे ते पाहा. तिथे क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा दिसली तर खरा होस्ट तिच्या मागे दडलेला आहे. अशा वेळी तक्रार त्या सेवेकडे करा, ती पुढे पाठवते.

होस्ट अमेरिकी असेल तर १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१२ नुसार त्याला फोटो हटवण्याची नोटीस द्या. तिच्यात हे सगळं हवं : मूळ फोटो कोणता, उचललेली प्रत कोणत्या लिंकवर, तुमचा संपर्क, हा वापर विनापरवाना असल्याची तुमची प्रामाणिक समजूत आहे हे विधान, माहिती अचूक असल्याचं विधान, हक्कधारक तुम्हीच आहात हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेलं विधान, आणि सही. इलेक्ट्रॉनिक सही चालते.

‘यांची सगळी साइटच चोरीची आहे’ असं लिहिलेल्या नोटिशी तशाच पडून राहतात. एकेक मूळ फोटो आणि त्याच्यासमोर एकेक लिंक अशा जोड्या द्या. पानाची लिंक वेगळी आणि चित्राच्या फाइलची वेगळी. दोन्ही द्या, नाहीतर पान जातं आणि फाइल सर्व्हरवर तशीच राहते.

दोन धोके आहेत. तुमची नोटीस नावासकट समोरच्याकडे जाऊ शकते आणि गूगलसारख्या कंपन्या नोटिशींच्या प्रती ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवतात. घरचा पत्ता उघड करायचा नसेल तर नोटीस वकिलामार्फत द्या. दुसरं, समोरच्याने काउंटर नोटीस, म्हणजे तुमच्या नोटिशीला हरकत घेणारी उलट नोटीस, दिली आणि तुम्ही खटला भरला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत फोटो पुन्हा झळकतात. शिवाय समीक्षा, विडंबन असा परवानगीविनाही चालणारा न्याय्य वापर असू शकतो का, याचा विचार नोटिशीआधी करावा लागतो. मागे गाणं वाजत असताना नाचणाऱ्या बाळाच्या २९ सेकंदांच्या व्हिडिओवरून झालेल्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं.

प्रश्न : फोटोत मीच आहे, पण काढला दुसऱ्याने. मलाही अशीच नोटीस देता येईल?

उत्तर : नाही. कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा नाही. सेल्फी असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा मुद्दा खासगीपणाचा आहे, म्हणून प्लॅटफॉर्मवरचा खासगीपणाच्या तक्रारीचा फॉर्म भरा. बरोबर तक्रार चुकीच्या फॉर्मवर गेली की ती फेटाळली जाते आणि मधले दिवस फुकट जातात.

फोटो नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल आणि त्यात तुम्ही १८ वर्षांपुढच्या असाल, तर असे फोटो संमतीविना पसरणं रोखणारी स्टॉपएनसीआयआय ही सेवा वापरा. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो जुळवून प्रत अडवतात. फोटो बराच कापला किंवा बदलला गेला तर ठसा जुळत नाही. हाती असलेल्या प्रत्येक आवृत्तीचा ठसा वेगळा द्या.

प्रश्न : माझं नाव शोधलं की एक फार जुनी बातमी वर येते. ती पुसता येते का?

उत्तर : बातमी पुसणं आणि शोधयादीतून काढणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ च्या निकालात दुसरी मान्य केली : नावाने शोधल्यावर येणारा कालबाह्य दुवा काढण्याची मागणी सर्च इंजिनकडे करता येते. वृत्तपत्राच्या साइटवर बातमी राहते आणि दुसऱ्या शब्दांनी शोधली तर सापडते. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की असा दुवा जगभरच्या आवृत्त्यांतून काढण्याची सक्ती युरोपीय कायदा करत नाही. २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्यानुसार उत्तर एका महिन्यात यायला हवं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने. मागणीत नेमकी लिंक, शोधलेलं नाव आणि बातमी आज गैरलागू का, हे लिहा. ‘बदनामी होते’ एवढ्यावर भागत नाही. सार्वजनिक पदावरच्या माणसाला हा मार्ग अवघडच, आणि तसाच असावा.

प्रश्न : क्रिएटिव्ह कॉमन्सचा फोटो छायाचित्रकाराचं नाव देऊन वापरला, तरी पैशांची मागणी आली. ही फसवणूक आहे का?

उत्तर : असेलच असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स हा अटी पाळून दुसऱ्याचं काम वापरू देणारा परवाना आहे. परवान्याची आवृत्ती पाहा. ४.० मध्ये नावाबरोबर मूळ लिंक, परवान्याची लिंक आणि फोटो कापला किंवा बदलला असेल तर तसा उल्लेख लागतो. चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. झालेल्या उल्लंघनाचा दावा मात्र राहू शकतो. २.० सारख्या जुन्या आवृत्त्यांत ही सवलत नाही, अट मोडली की परवाना संपला. काही जण याच फटीवर वसुली करतात. लगेच पैसे भरू नका. आधी श्रेय पूर्ण करा, मागणी करणाऱ्याकडे हक्काचा पुरावा मागा, मग रकमेबद्दल बोला. आणि ‘सौजन्य : इंटरनेट’ हे श्रेय नव्हे, ती लेखी कबुली आहे.

प्रश्न : पीडीएफमधली नावं काळ्या चौकटीने झाकली तरी वाचता आली. असं का होतं?

उत्तर : चौकट हे अक्षरांवर ठेवलेलं चित्र असतं, खाली अक्षरं शाबूत असतात. निवडून कॉपी केलं की बाहेर येतात. मजकूर मुळातून काढणारं रिडॅक्शनचं साधन वापरा, नवी फाइल सेव्ह करा आणि त्या फाइलमध्ये तेच नाव शोधून पाहा. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नावही तपासा.

प्रश्न : गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर उघडा असलेला, पण परवाना न लिहिलेला कोड माझ्या उत्पादनात वापरू का?

उत्तर : नको. परवाना नसेल तर सर्व हक्क लेखकाकडेच असतात. त्यालाच विचारा, पुष्कळदा एमआयटी या मोकळ्या परवान्याची फाइल टाकायची राहून गेलेली असते आणि तो ती आनंदाने टाकतो.