ऑफिसचं पत्र आलंय ना? मग बाकी सगळं सोडा आणि आधी त्याला उत्तर द्या

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दहा चित्रं एकाच अर्जात 'अप्रकाशित' म्हणून अमेरिकेत नोंदवायला दिली, पाच महिने झाले, आता तिकडच्या कॉपीराइट ऑफिसने ईमेल करून विचारलंय की यातली काही आधी विकली गेली होती का, आणि अर्ज भरून देणारा माणूस म्हणतोय "असे मेल येतातच, थांबा, होऊन जाईल". त्यात गेल्या आठवड्यात तिकडच्याच कोणीतरी तुमचं चित्र फोनच्या कव्हरवर छापून विकायला ठेवलेलं दिसलं. नका हो थांबू! हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं आणि मी ते ऐकून गप्प बसले होते, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधीच सांगते, मी वकील नाही, चित्रं काढते. हे सगळं माझ्या स्वतःच्या अर्जांवरून आणि तिकडच्या एका वकीलबाईंशी झालेल्या बोलण्यावरून लिहितेय. फी आणि नियम बदलत असतात, तेवढं ऑफिसच्या साइटवर जाऊन स्वतः बघून घ्या.

चित्र काढल्याक्षणी कॉपीराइटचा हक्क मिळतो, बर्न करार (देशादेशांमधला कॉपीराइटचा करार) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. पण तुमच्या पोस्टखाली दोघातिघांनी लिहिलंय की मग नोंदणीचा खर्च कशाला, त्याबद्दल बोलते. परदेशी कलाकृतीसाठी अमेरिकेत दावा लावायला आधी नोंदणी लागत नाही हे खरं, पण त्यांच्या कायद्याचं ४१२ कलम परक्यांनाही लागू आहे आणि खरी मेख तिथे आहे. चोरी सुरू व्हायच्या आधीची नोंदणी असेल, किंवा प्रकाशित काम असेल तर पहिल्या प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत नोंदवलं असेल, तरच कायद्याने ठरवलेली भरपाई मागता येते. ती एका कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेली चोरी असेल तर १,५०,००० पर्यंत, शिवाय वकिलाचा खर्च समोरच्यावर घालता येतो. हे नसेल तर आपलं नुकसान किती झालं आणि त्याने कमावलं किती हे एकेका डॉलरने सिद्ध करत बसायचं, आणि फोनच्या कव्हरच्या केसमध्ये ती रक्कम एवढीशी निघते की वकील फोनसुद्धा उचलत नाही.

आता माझं सांगते. मीही दहाच चित्रं दिली होती, अप्रकाशितांचा गट, त्यात दहापर्यंतच घेतात, ऑफिसची फी ८५ डॉलर. मी एका एजन्सीला त्याच्या कितीतरी पट पैसे देऊन अर्ज भरून घेतला, नाव घेत नाही. मार्चमध्ये अर्ज, फी आणि फाइली तिन्ही पोचलं. मी त्यांना स्पष्ट विचारलं होतं की यातल्या दोन चित्रांच्या प्रिंट मी विकल्यात, चालेल का? उत्तर आलं, "थोड्याच विकल्यात ना, मग अप्रकाशितच." हे साफ चूक आहे. चित्र नुसतं लोकांना दाखवलं तर त्यांच्या कायद्यात ते प्रकाशन होत नाही, पण प्रती लोकांना विकल्या की झालं, मग तीन विका नाहीतर तीन हजार. (साइटवर टाकलं तर प्रकाशन की नाही, यावर तिकडच्या कोर्टांचंही एकमत नाही, पण डाउनलोड किंवा प्रिंट विकायला ठेवली असेल तर मी सरळ प्रकाशितच धरते.)

आणि पुरावा मीच पाठवला होता. एका चित्राची मूळ फाइल सापडली नाही म्हणून मी विकायच्या प्रिंटचा स्कॅन दिला, त्याच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने ३/५० लिहिलेलं, म्हणजे पन्नास प्रतींपैकी तिसरी. तपासणाऱ्याने ते बघितलं आणि सभ्यपणे विचारलं की ही क्रमांक घातलेली आवृत्ती दिसतेय, विकली होती का. दोन ओळींचा प्रश्न होता. पण पत्रव्यवहाराच्या रकान्यात एजन्सीने माझा ईमेल न घालता स्वतःचा घातला होता, त्यामुळे पत्र त्यांच्याकडे गेलं. मला फक्त एवढंच कळवलं की "ऑफिसकडून नेहमीचा मेल आलाय, बघतो". उत्तर द्यायला ४५ दिवस असतात. त्यांनी दिलं नाही, मी विचारलं नाही, फाइल बंद झाली, फी बुडाली. मला कळलं थेट ऑक्टोबरमध्ये, तेही मी स्वतः चौकशी केली तेव्हा.

पण खरं नुकसान ते ८५ डॉलर नव्हे, तारीख गेली. नोंदणीची तारीख सर्टिफिकेट हातात येतं ती नसते, पूर्ण अर्ज, फी आणि कामाची प्रत ज्या दिवशी ऑफिसला पोचते ती असते. माझं एक चित्र कोणीतरी उशांच्या अभ्र्यांवर छापून विकत होतं, ती चोरी मे महिन्यात सुरू झाली, आणि चोरलेलं चित्र त्या न विकलेल्या आठांपैकी होतं. त्या पत्राला "ही दोन काढून टाका, बाकी आठ ठेवा" एवढं उत्तर वेळेत गेलं असतं तर मार्चची तारीख हातात राहिली असती. ऑक्टोबरमध्ये नवा अर्ज केला म्हणजे तारीख ऑक्टोबरची, चोरीनंतरची. वकीलबाईंनी कागद बघून पाच मिनिटांत सांगितलं की आता ठरलेली भरपाई विसरा. शेवटी साइटला नोटीस पाठवून विक्रीची पानं काढायला लावली (त्या नोटिशीला नोंदणी लागत नाही), तेवढ्यावरच मिटवलं. अजून ते अभ्रे कुठे दिसले की पोटात ढवळतं.

म्हणून तुमच्यासाठी पाच महिन्यांपूर्वीची ती तारीख सोन्यासारखी आहे, चोरी त्यानंतरची दिसतेय. ती जाऊ देऊ नका.

कोणीतरी सांगेल की चुकीची माहिती गेली तरी चालते, २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने युनिकलर्स विरुद्ध एच अँड एम या खटल्यात म्हटलंय ना. म्हटलंय, खरं आहे, कायदा किंवा वस्तुस्थिती नीट माहीत नसल्यामुळे झालेल्या चुकीने नोंदणी आपोआप बाद होत नाही. पण ते मिळालेल्या नोंदणीबद्दल आहे. बंद झालेली फाइल त्याने उघडत नाही. आणि तुम्हाला तर ऑफिसने आता विचारलंच आहे, यापुढे "माहीत नव्हतं" म्हणता यायचं नाही, तेव्हा खरं तेच लिहा.

एजंटबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. फॉर्म कंटाळवाणा आहे पण अवघड नाही, चित्राचा मालक स्वतः भरू शकतो. दुसऱ्याकडून भरून घेतलाच तर पत्रव्यवहाराचा ईमेल तुमचाच हवा आणि स्पॅम रोज बघायचं. अजून एक, मालकाच्या रकान्यातला पत्ता सार्वजनिक नोंदीत दिसतो, घरचा द्यायचा की नाही ते आधी ठरवा. आणि खाली कोणीतरी ब्रिटनमध्येही नोंदवा म्हणालंय, तिथे सरकारी कॉपीराइट नोंदणी नाहीच आहे, जे सर्टिफिकेट विकतात ते खाजगी धंदे आहेत, त्यात पैसे घालू नका.

आज करायचं ते एवढंच. दहा चित्रांची यादी काढा, प्रत्येकासमोर लिहा की प्रत विकली का, कुठे, पहिल्यांदा कधी. मग त्याच मेलला रिप्लाय करा, विषयातला केस नंबर तसाच ठेवून: अमुक चित्रांच्या प्रती अमुक तारखेपासून विकल्या आहेत, ती या अर्जातून वगळावीत, उरलेल्यांची नोंदणी पुढे चालवावी. ते मान्य करणं त्यांच्या हातात आहे, मी खात्री देत नाही, पण उत्तर नाही दिलं तर काय होतं ते मी भोगलंय. वगळलेली चित्रं नंतर प्रकाशित म्हणून वेगवेगळी नोंदवा. एकच लेखक, एकच काम, तोच मालक आणि नोकरीत किंवा कंत्राटावर कंपनीसाठी केलेलं नसेल तर फी प्रत्येकी ४५ डॉलर, नाहीतर ६५.

मेल कोणत्या तारखेचा आहे ते पोस्टमध्ये लिहिलेलं नाही तुम्ही. एजंटने पुढे पाठवला ती तारीख नको, ऑफिसने पाठवला ती बघा आणि तिथून ४५ मोजा.