आधी त्याचं काम बघ

प्रिय मुली,

तुझे बाराही छाप पाहिले. प्रत्येकात कवटी आहे, आणि तरी कुणाला धस्स होत नाही म्हणून तू विचारतेस, भीती आणू कुठून? भीती आणायची नसते गं. मरणारा त्या घडीला काय करत होता, ते आधी बघ.

सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन, त्याची मृत्यूनृत्याची मालिका पुन्हा काढ, सांगाड्याच्या रूपातला मृत्यू एकेकाला न्यायला येतो ती. या वेळी सांगाडे बोटानं झाकून बघ. नांगरणीचं चित्र घे. फाटक्या कपड्यातला म्हातारा रुमण्यावर वाकलाय, दूर चर्चपलीकडे सूर्य कलतोय. आता बोट उचल. मृत्यू घोड्यांशेजारून चाबूक घेऊन धावतोय, जणू म्हाताऱ्याच्या नांगराचं शेवटचं तास पुरं करून द्यायला. फेरीवाल्याची बाही मृत्यूनं धरलीय आणि तो अजून पुढच्या वाटेकडे बोट दाखवतोय. झोपडीत आई चुलीशी आहे आणि मृत्यू तिच्या मुलाला हाताला धरून नेतोय. ती चूल पुसून टाक, मग उरतो नुसता सांगाडा. तुझ्या छापांत तेवढाच आहे.

हे सगळं जेमतेम साडेसहा बाय पाच सेंटिमीटरच्या ठशात! होल्बाइननं स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात रेखाटलं, लाकूड कोरलं हान्स ल्युट्झेलबुर्गरनं. रेषा उभी ठेवायची म्हणजे तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढायचं. हात घसरला की रेषा गेली. 1526मध्ये ल्युट्झेलबुर्गर वारला. 41 चित्रांचं पुस्तक फ्रान्समधल्या लियॉन शहरात निघालं ते 1538मध्ये, आणि त्यात होल्बाइनचंसुद्धा नाव नव्हतं. कोरणाऱ्याची दोन आद्याक्षरं मात्र आहेत, डचेसच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या बायकोच्या चित्रात, तिच्या पलंगावर. शोध.

तुझ्या वयात मी याच चित्रांवर प्रबंध लिहिला. कवट्या मोजल्या, वाळूची घड्याळं मोजली. ल्युट्झेलबुर्गर एका तळटीपेत उरकला. त्याच वर्षी माझे वडील गेले. सुतार होते. पडवीत अर्धवट रंधा मारलेली फळी होती, ती मी जळणात जाऊ दिली. रंधा कुठं थांबला होता, हे आज मला आठवत नाही.

म्हणून माझ्या वर्गात वर्षभर लाकूडच. मुलांच्या तक्रारी झाल्या, एका ठिकाणी माझे तास कमी केले. मी हट्ट सोडला नाही, आजही चुकलो असं वाटत नाही. तासभर कोरल्यावर मनगट भरून येतं, तेव्हा कळतं की दुसऱ्याचं काम बघायचं म्हणजे काय. पुस्तकातून मला ते कधी कळलं नाही.

आता नवी कवटी काढू नकोस, निदान मला पाठवू नकोस. पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंयस की आजोबा शिंपी होते, मार्चमध्ये गेले. एवढी मोठी गोष्ट शेवटच्या ओळीत? त्यांच्या मशिनवर शेवटी काय होतं, बाही की कॉलर? कुणाचं कापड? सुई वर होती की कापडात रुतलेली? आजीला विचार. ती सांगेल तसं काढ, आणि मग मला पाठव.