जीएसटीचं बिल आहे म्हणून माल देशी ठरत नाही

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा कंट्रोल पॅनलचा भागीदारीतला कारखाना आहे. मे २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या एका वीज कंपनीचं टेंडर भरलं आणि ६६ टक्के लोकल कंटेंट (किमतीतला देशी वाटा) दाखवून ‘क्लास-१’, म्हणजे प्राधान्य मिळणारा पुरवठादार, म्हणून काम मिळवलं. आता ‘खोट्या घोषणेबद्दल दोन वर्षं बंदी का घालू नये?’ अशी नोटीस आली आहे. उत्तराला १५ दिवस आहेत. रिले-ब्रेकर लोहार चाळीतल्या डीलरकडून जीएसटी भरून घेतले होते. ते आयात कसे?

उत्तर : बिल लोहार चाळीचं असलं, तरी रिलेच्या लेबलवर उत्पादनाचा देश कोणता आहे ते आधी पाहा.

मेक इन इंडियाला प्राधान्य देणाऱ्या २०१७ च्या खरेदी आदेशाचं सूत्र साधं आहे : कर वगळून मालाची किंमत, वजा सीमाशुल्कासह आयात भाग. उरेल ते ५० टक्के किंवा जास्त असेल तर क्लास-१, २० ते ५० मध्ये असेल तर क्लास-२. तुम्ही पाठवलेल्या कॉस्टिंगनुसार पॅनल १० लाखांचं, थेट आयात ३.४० लाख, डीलरचा माल १.५० लाख, वाहतूक आणि बसवणूक ८० हजार. वाहतूक-बसवणूक या सेवा लोकल कंटेंटमध्ये धरता येत नाहीत, हे मार्च २०२१ मध्येच स्पष्ट झालं होतं. तेव्हा ६६ टिकत नाही, ५८ होतात. डीलरचा मालही आयात ठरून वजा झाला की ४३. सेवा काढून ९.२० लाखांवर मोजलं तरी ४६.७, म्हणजे क्लास-२ च.

तुमचा बचाव या ५८ आणि ४३ च्या मधे आहे. विक्रेत्याकडून घेतलेला आयात माल लोकल कंटेंटमधून वगळायचा, हे स्पष्ट शब्दांत १९ जुलै २०२४ च्या सुधारणेत आलं. तुमची घोषणा त्याआधीची आहे. सेवांची चूक सरळ मान्य करा, ती दुरुस्त करूनही आकडा ५० च्या वरच राहत होता हे दाखवा, आणि डीलरच्या मालाबाबत घोषणा सद्भावनेनं केली होती असं मांडा. हा पूर्ण बचाव नव्हे. मूळ सूत्रातही आयात भाग वजा करायचाच होता. पण शिक्षा कमी व्हायला याचा उपयोग होतो. चूक जेवढी गंभीर तेवढीच बंदी असावी, हे सर्वोच्च न्यायालयानं कुलजा इंडस्ट्रीज (२०१३) प्रकरणात सांगितलं आहे.

उत्तरासोबत टेंडरच्या तारखेची कॉस्टिंग शीट, बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद), डीलरची बिलं आणि कॉस्ट अकाउंटंटचं आजच्या तारखेचं प्रमाणपत्र जोडा. प्रत्यक्ष सुनावणी लेखी मागा. टेंडरमध्ये संबंधित मंत्रालयानं ५० पेक्षा जास्त टक्केवारी ठरवली होती का, तेही तपासा. असेल तर वरचं गणित बदलेल.

एक कळकळीची विनंती : डीलरकडून ‘माल भारतीय बनावटीचा’ असं मागच्या तारखेचं पत्र घेऊ नका. आज प्रकरण दोन वर्षांच्या बंदीपुरतं आहे, त्या कागदानं ते बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यावर जाईल.

बंदी आलीच, तर ती असेपर्यंत इतर केंद्रीय खरेदीदारांकडेही २०१७ च्या खरेदी आदेशाचं प्राधान्य मिळणार नाही. म्हणून बंदीचा आदेश हाती पडताच मुंबई उच्च न्यायालयात रिट आणि स्थगितीचा अर्ज करा. त्यासाठी नोटिशीचं पाकीट पोहोच-तारखेसह जपून ठेवा.